पाया कच्चा असतानाच संशोधन: इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांसाठी एक आराखडा

इंजिनिअरिंग कॉलेजात पदवीच्या मुलांच्या संशोधनाचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "आधी त्यांचा पाया पक्का होऊ दे" हे पहिलं आणि "घ्यायचीच असतील तर टॉपर घ्या" हे दुसरं. दोन्ही सल्ले चांगल्या हेतूने दिले जातात, पण दोन्हींनी मुलांचं नुकसान होतं. ज्याचा एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) अडकला आहे त्याला लॉगॅरिदम का शिकायचा, हे अजून कुणी दाखवलेलंच नसतं. पाया पक्का होईपर्यंत थांबायचं ठरवलं की तो बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला पोचतो, बाजारातून तयार प्रोजेक्ट आणतो, प्रोजेक्टचा अहवाल म्हणजे ब्लॅक बुक बांधून घेतो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो. चार वर्षांत स्वतः मोजलेला एक आकडाही त्याच्याजवळ नसतो.

म्हणून हा आराखडा दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे एसईच्या मुलांसाठी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवणारे, मोठी प्रयोगशाळा आणि पीएचडीचे विद्यार्थी हाताशी नसलेले सहकारी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. एक शिक्षक, चार मुलं आणि साधारण वर्षभर, एवढाच त्याचा आवाका. कल्पना नवी नाही. अमेरिकेत एमआयटीने पदवीच्या मुलांना संशोधनात घेण्याची योजना १९६९ साली सुरू केली आणि तिथे अगदी पहिल्या वर्षाची मुलंही येऊ शकतात. काम क्रेडिटसाठी करा, मानधनावर करा किंवा नुसतं हौसेने करा, अशा तिन्ही वाटा त्यांनी मोकळ्या ठेवल्या. त्यातली मानधनाची वाट आपण सहसा विसरतो. तिच्याकडे पुढे येईन.

प्रश्न असा निवडा की मोजायला कुणाची परवानगी मागत बसावं लागणार नाही

मुलांना विषय निवडायला सांगितलं की एआय आणि ब्लॉकचेन येतात. त्यात वाईट काही नाही, पण त्या विषयांत दुसऱ्या वर्षाच्या मुलाला स्वतः मोजता येईल असं फारसं नसतं. प्रश्न जवळचा हवा, हाताने मोजता येणारा हवा, आणि त्याचं उत्तर गुगलवर आयतं मिळू नये. उदाहरणासाठी मी कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड घेते आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहते. नाशिक, नगर, पुणे, धुळे या भागांतल्या कॉलेजांत कांदा पिकवणाऱ्या घरातली मुलं वर्गात बसलेलीच असतात.

प्रश्न साधा आहे: चाळीतल्या ढिगाच्या पोटात तापमान आणि आर्द्रता किती असते, आणि बाहेरच्या हवेपेक्षा ती किती वेगळी असते? रब्बीचा कांदा एप्रिल-मे मध्ये चाळीत जातो आणि चार-पाच महिने राहतो. या काळात वजन घटतं, काही कांदे सडतात, काहींना कोंब येतात. राजगुरुनगरला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. साध्या, हवेशीर साठवणुकीसाठी साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. आपल्या तालुक्यातल्या या चाळीत, जुलैच्या झडीत, ढिगाच्या मधोमध नेमकं काय असतं, ते मात्र तिथे सेन्सर ठेवल्याशिवाय कळणार नाही.

सिव्हिलवाल्यांना हाच साचा विहिरींच्या पाणीपातळीसाठी वापरता येईल, इलेक्ट्रिकलवाल्यांना गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या व्होल्टेजसाठी. प्रश्न बदलला तरी पुढच्या पायऱ्या त्याच राहतात.

मुलं निवडताना सीजीपीए बाजूला ठेवा

वर्गात सांगा की शनिवारचे तीन तास द्यावे लागतील, उन्हात चाळीवर जावं लागेल आणि पहिले तीन महिने दाखवण्यासारखं काही हाती लागणार नाही. हे ऐकूनही जी येतील, त्यांतून चार निवडा. निवडताना एकच गोष्ट सांभाळा: दोन मुलं बारावीवरून आलेली घ्या आणि दोन डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली.

याला कारण आहे. डिप्लोमावाल्या मुलांनी पदवीचं पहिलं वर्ष केलेलं नसतं. एम-वन, एम-टू त्यांनी पाहिलेले नसतात आणि एम-थ्री समोर आला की घाबरतात. पण त्यांना सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर कुठे लावायचा ते कळतं, वर्कशॉपची भीती नसते. बारावीवाल्यांचं बरोबर उलट असतं. सीईटीसाठी शेकडो गणितं सोडवलेली, पण ब्रेडबोर्डला (सर्किट जोडून पाहायची पट्टी) हात लावायला बिचकतात. वर्गात हे दोन गट वर्षानुवर्षं वेगळ्या बाकांवर बसतात. एका टेबलाशी बसवले की एकमेकांना शिकवायला लागतात, आणि हे शिकवणं तुमच्या-माझ्या लेक्चरपेक्षा जास्त टिकतं.

केटी असलेल्या, म्हणजे एखादा विषय राहिलेल्या मुलाला नाकारू नका. तशी अट घातली की ज्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच बाहेर राहतो.

पहिल्या आठवड्यात पाया तपासा, मार्क न देता

चाळीस मिनिटांचा एक कागद द्या. मार्क नाहीत, आणि कागद कुणाला दाखवायचाही नाही. पाठ केलेली सूत्रं विचारू नका. एककं बदलणं, सूत्र उलटं फिरवणं, आलेखाच्या चढाचा अर्थ सांगणं, मोजमापातली अनिश्चितता, एवढंच तपासा. दोन नमुने देते.

पहिला: ढिगाचं तापमान ३८ अंश आहे, बाहेरची हवा २६ वर स्थिर आहे. तासाभराने ढीग ३५ वर आला. आणखी तासाने तो किती अंशांवर असेल? बरीच मुलं चटकन ३२ लिहितात, कारण तीन उतरले तर आणखी तीन उतरतील. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम मात्र फरकावर चालतो. फरक १२ वरून ९ झाला, म्हणजे तीन-चतुर्थांश उरला. पुढच्या तासाला ९ चा तीन-चतुर्थांश, ६.७५ उरेल, आणि तापमान ३२.७५ येईल. ज्याने ३२ लिहिलं त्याने कदाचित एम-टूमध्ये हेच समीकरण सोडवून पूर्ण मार्क मिळवलेले असतील. ते समीकरण कशाबद्दल बोलतं, तेवढं त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

दुसरा: एका सेन्सरने ३८.२ दाखवलं, शेजारच्याने ३७.६. दोघांची अचूकता अधिक-उणे ०.५ अंश आहे. दोन जागांच्या तापमानात खरंच फरक आहे का? एवढ्यावरून सांगता येत नाही, हे इथलं बरोबर उत्तर. आपल्या परीक्षांत असं उत्तर कधी चालत नाही, त्यामुळे ते लिहिण्याचं धाडस मुलांना होत नाही. ते धाडस इथूनच शिकवायला लागा.

कागद तपासून प्रत्येकाच्या दोन-तीन कच्च्या जागा तुमच्या वहीत टिपून ठेवा. वर्षभर त्या-त्या मुलाकडे त्याच जागेचं काम द्यायचं आहे. ज्याचा आलेख कच्चा, तोच आलेख काढेल. ज्याचं कोडिंग कच्चं, तो बसेल कोडला, शेजारी ज्याला येतं त्याला घेऊन. लवकर काम उरकावं म्हणून आपण नेहमी उलट करतो आणि ज्याला जे येतं तेच त्याच्याकडे देतो. त्याने प्रोजेक्ट पुढे सरकतो, मुलगा आहे तिथेच राहतो.

उपकरण बनवा आणि त्यावर विश्वास ठेवण्याआधी पारखा

एक ईएसपी-३२ बोर्ड (छोटा मायक्रोकंट्रोलर), तापमान आणि आर्द्रता मोजणारे चार डीएचटी-२२ सेन्सर, मेमरी कार्डाचं मॉड्यूल आणि वेळ सांभाळणारं डीएस-३२३१ घड्याळ, एवढं दोन-अडीच हजारांच्या आसपास बसतं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं एका फेरीत मिळतं. फेरीला मुलांनाच पाठवा. डेटाशीट वाचून दुकानदाराला नेमकं काय हवं ते सांगता येणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

जोडणीला दोन शनिवार पुरतात. पारखायला मात्र महिना द्या. हीच पायरी सगळीकडे गाळली जाते आणि नंतर सगळं काम तिच्यामुळे वाया जातं. आर्द्रतेचा सेन्सर तपासायला महागडा चेंबर लागत नाही. हवाबंद डबा घ्या. त्यात एका छोट्या झाकणात साधं मीठ आणि जेमतेम भिजेल इतकं पाणी घालून ओला लगदा ठेवा, मीठ पूर्ण विरघळू देऊ नका. सेन्सर मिठाला लागणार नाही असा टांगा आणि रात्रभर सोडा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या बंद हवेची आर्द्रता नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. चारही सेन्सर सकाळी काय दाखवतात ते लिहा. एखादा ७९ दाखवेल, एखादा ७२. तापमानासाठी चारही एकाच डब्यात ठेवून दिवसभराच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहा. जलरोधक डीएस-१८बी२० सेन्सर असेल तर वितळत्या बर्फाच्या पाण्यात धरून शून्य तपासा.

मुलं विचारतात, "मॅडम, नवीन सेन्सर आहे, चूक कसा दाखवेल?" या प्रश्नावर एक पूर्ण तास द्या. सरासरी, प्रमाण विचलन, पद्धतशीर चूक आणि विखुरलेली चूक यांतला फरक, सगळं त्या चार आकड्यांवर शिकवून होतं, आणि तेही अशा वेळी की मुलांना ते ताबडतोब लागणार असतं.

अभ्यासक्रमाशी जोडण्याचं काम शिक्षकाचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि मुलं तो आपणहून करणार नाहीत. गणिताचा तास आणि शनिवारची चाळ या त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्या असतात. दार तुम्हाला उघडावं लागतं.

चाळीतून दर दहा मिनिटांनी नोंद येते. दिवसाला १४४, चार महिन्यांत एका सेन्सरच्या १७ हजारांहून अधिक ओळी, चार सेन्सरच्या जवळपास सत्तर हजार. एक्सेलमध्ये हाताने हे आवरत नाही. पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगचा पेपर पास झालेला, पण नंतर एक ओळही न लिहिलेला मुलगा इथे पहिल्यांदा लूप मनापासून लिहितो. पायथन किंवा सायलॅबसाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, त्यातले काही मराठीतही आहेत.

मग न्यूटनच्या नियमाकडे या. ढीग आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकाचा लॉगॅरिदम घेऊन वेळेसमोर मांडायला सांगा. नियम पाळला जात असेल तर सरळ रेषा यायला हवी. प्रयोगशाळेत गरम पाण्याच्या भांड्यावर ती छान येते. कांद्याच्या ढिगावर तशी येईलच असं नाही, कारण कांदा जिवंत आहे, श्वसन करतो आणि स्वतः उष्णता सोडतो. तेव्हा समीकरणात उष्णतेचं एक पद वाढवावं लागतं. ते वाढवलं की कळतं, ढीग बाहेरच्या तापमानापर्यंत कधी उतरतच नाही. उष्णता निर्माण होण्याचा वेग आणि दर अंश फरकामागे ती निसटण्याचा वेग यांच्या गुणोत्तराइतका तो वर राहतो. एम-टूमधलं पहिल्या कोटीचं समीकरण पुरतं, जास्तीचं गणित काही लागत नाही. पण हे पद कुठून आलं ते मुलाने स्वतः शोधलेलं असतं. त्या दिवशी घाई करू नका, फळा त्याच्या हातात द्या.

पुढे फुरिए येतो, म्हणजे चढउतार साध्या लहरींत मोडून पाहण्याचं गणित. बाहेरचं तापमान २४ तासांच्या चक्रात वर-खाली होतं. ढिगाच्या पोटातलंही होतं, पण कमी उंचीने आणि उशिरा. बाहेर दुपारी शिखर येतं, आत काही तासांनी. हा उशीर खोलीबरोबर कसा बदलतो, त्यातून ढिगातून उष्णता किती वेगाने वाहते याचा अंदाज येतो. काही विद्यापीठांत एम-थ्रीमध्ये फुरिए आणि संख्याशास्त्र दोन्ही असतात. गणिताच्या सहकाऱ्यांना भेटून त्यांना ही फाईल द्या आणि ट्युटोरियलमधलं एखादं गणित या आकड्यांवर घालायची विनंती करा. अनेकदा ते आनंदाने तयार होतात, कारण "सर, याचा उपयोग काय?" हा प्रश्न त्यांनाही रोज ऐकावा लागतो.

वही, बैठक आणि भाषा

जर्नल उतरवण्याची सवय ही आपल्याकडची खोल जखम आहे. सिनिअरचं जर्नल घ्यायचं, एका रात्रीत उतरवायचं, सही घ्यायची. त्याच मुलाला प्रामाणिक नोंदवही ठेवायला सांगणं म्हणजे चार-पाच वर्षांची सवय मोडणं. बांधीव वही द्या, पानांवर आकडे घाला, पेन्सिल बंद. चुकलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. फसलेल्या दिवसाची नोंद जास्त सविस्तर हवी. वही सुबक आहे का हे पाहू नका. एखादं पान उघडून त्या दिवशी नेमकं काय झालं हे तुम्हाला कळतं का, ते पाहा.

बैठक आठवड्यातून एकदा, पाऊण तास. टेबलावर आधी वही आणि एखादा आलेख यायला हवा, मग बोलणं. "काम चालू आहे मॅडम" एवढ्यावर बैठक संपू देऊ नका.

भाषेचं स्पष्ट सांगते. बैठक मराठीत होऊ द्या. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा इंग्रजीत बोलायला लावलं की गप्प बसतो आणि आपण समजतो त्याला विषय कळलेला नाही. वहीही मराठी-इंग्रजी मिसळ चालेल. २०२१ मध्ये तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीईने मराठीसह भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला मुभा दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने कॉम्प्युटरची मराठी माध्यमाची तुकडी सुरू केली. तुमच्या कॉलेजात तुकडी नसली तरी विचार मराठीत करायला कुठलीच आडकाठी नाही. इंग्रजी शेवटी येईल, अहवाल लिहिताना, आणि तेव्हा तिच्यावर वेगळी मेहनत घ्यायची.

वाचनासाठी एकच शोधनिबंध द्या आणि तीन आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात फक्त आकृत्या आणि आलेख, दुसऱ्यात त्यांनी मोजलं कसं, तिसऱ्यात निष्कर्ष. शोधगंगावर देशभरातले पीएचडी प्रबंध मोफत आहेत, कृषिकोशवर कृषी विद्यापीठांचे. कांद्याच्या साठवणुकीवर राहुरीसारख्या ठिकाणी झालेलं काम पाहायला मुलांना तिकडेच पाठवा.

वेळ, पैसे, परीक्षा

सुरुवात जानेवारीत करा. मार्चअखेर उपकरण पारखून तयार हवं, एप्रिल-मेमध्ये चाळ भरताना सेन्सर आत जायला हवेत, पावसाळाभर नोंदी, आणि जुलैनंतरच्या सत्रात विश्लेषण. जुलैला सुरुवात केली तर चाळ केव्हाच भरलेली असते आणि ढीग उपसून मधोमध सेन्सर ठेवायला कुठलाही शेतकरी तयार होणार नाही.

इन-सेम (सत्राच्या मधली) आणि एंड-सेम (सत्राच्या शेवटची) परीक्षांच्या आधी दोन आठवडे काम पूर्ण बंद. हा नियम पहिल्याच दिवशी लिहून भिंतीवर लावा आणि तुम्हीही पाळा. संशोधनामुळे केटी लागली असं एका जरी घरात म्हटलं गेलं, तरी पुढच्या वर्षी मुलं येणार नाहीत. मुलींच्या बाबतीत चाळीवर जाण्याचा कार्यक्रम आधी पालकांना फोन करून सांगा, गाडीची सोय कॉलेजकडून करा, अंधाराच्या आत परत या. एवढं केलं की "मुली फील्डवर येत नाहीत" ही तक्रार बहुधा उरत नाही.

आता मानधन. शनिवारी केटरिंगला किंवा दुकानात काम करून मेसचे पैसे भरणारी मुलं आपल्या वर्गात आहेत. त्यांचा शनिवार फुकट मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. महाराष्ट्रात कमवा व शिकाची परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांपासून चालत आली आहे आणि अनेक विद्यापीठांत, कॉलेजांत ही योजना आजही आहे. ती बागकाम आणि ग्रंथालयापुरती ठेवू नका. सेन्सरच्या नोंदी घेणं, डेटा साफ करणं ही कामं तिच्यात बसवण्यासाठी प्राचार्यांना लेखी प्रस्ताव द्या. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समाज-सहभाग प्रकल्पांना क्रेडिटही आहेत. तिथे नोंदवता आलं तर मुलांचा दुहेरी भार टळतो.

चाळीत

शेतकऱ्याच्या घरी आधी सेन्सर न घेता जा. चाळ त्यांनी कशी बांधली, कुठल्या बाजूचा कांदा आधी खराब होतो, वारा कुठून येतो, हे मुलांनी विचारावं आणि लिहून घ्यावं. ती माहिती कुठल्याही प्रबंधात नसते.

दोन अडचणी ठरलेल्या येतात. पॉवर बँकेवर चालणारं उपकरण अचानक बंद पडतं, कारण फार कमी विद्युतप्रवाह खेचला जात असेल तर अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. कॉलेजातच आठवडाभर चालवून पाहा, नाहीतर महिन्याभराच्या नोंदी गेल्या म्हणून समजा. दुसरी अडचण बाजाराची. भाव वाढला की शेतकरी चाळ फोडणार, आणि तुमचा प्रयोग त्या दिवशी संपणार. त्यांना थांबायला सांगायचं नाही. दोन-तीन वेगवेगळ्या घरच्या चाळी घ्या आणि दर पंधरा दिवसांनी कार्ड बदलून नोंदी घरी आणा, म्हणजे चाळ कधीही फुटली तरी तोवरचं हाती राहतं.

लिहिणं आणि पुढची वाट

सगळ्यात आधी शेतकऱ्यासाठी मराठीत एक पान लिहायला लावा: काय मोजलं, काय दिसलं, काय कळलं नाही. ते वाचून त्यांनी प्रश्न विचारले की मुलांना कळतं, आपलं काय अर्धवट राहिलं आहे. त्यानंतर इंग्रजी अहवाल. विद्यापीठांच्या आविष्कार स्पर्धेत पोस्टर घेऊन जरूर जा, परीक्षकांशी उभ्या-उभ्या बोलण्याचा सराव होतो. मात्र पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणाऱ्या नियतकालिकांना हात लावू देऊ नका. कॉलेजच्या कुठल्या तरी तक्त्यात आकडा वाढतो म्हणून वरून दबाव येईल. तो तुमच्यापाशी थांबवा. विसाव्या वर्षी मुलाला खोटं छापायला शिकवलं तर आधीचं वर्षभराचं काम पुसलं जातं.

टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यासाठी त्यांना बाहेर पाठवा. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, आणि तिथे शिक्षकांनाही अर्ज करता येतो. तुम्हीही करा. आयआयटी मुंबईत फॉसी (मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प) आणि ई-यंत्र (रोबोटिक्सचा) आहेत. अकादम्यांचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटीच भरावे लागतात, म्हणून दिवाळीच्या सुटीपूर्वी मुलांना घेऊन बसा. शिफारसपत्रात "होतकरू व मेहनती" लिहून काही साधत नाही. लिहा की या मुलाला मिठाच्या डब्यात सेन्सर चार टक्के जास्त दाखवतो हे आढळलं आणि त्याने आधीच्या सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या.

शेवटचं काम, पुढच्या तुकडीकडे सोपवणं. काम पूर्ण केलेल्या मुलांनी नव्या चौघांना दोन शनिवार द्यावेत. वह्या, मूळ नोंदींची न बदललेली फाईल, सेन्सर पारखल्याचे आकडे, टिपणांसकट कोड, शेतकऱ्यांचे फोन नंबर, हे एका कपाटात ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सेन्सर पुन्हा मिठाच्या डब्यात घालून नव्या मुलांकडून नव्याने पारखून घ्या, कारण चार महिने धुळीत आणि दमट हवेत राहिलेला सेन्सर आता वेगळं दाखवत असू शकतो.